तांब्याची कडी आणि काडीपेटी: सोलापुरातल्या एका मेटामटेरियल प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सोलापुरातल्या एका महाविद्यालयात मी पदार्थविज्ञान शिकवतो. पदव्युत्तर शेवटच्या वर्षाच्या तीन विद्यार्थ्यांचा प्रकल्प माझ्याकडे होता, त्याची ही हकिगत. महाविद्यालयाचं आणि मुलांचं नाव देत नाही. वसतिगृहात गावावरून हाक मारतात तशीच इथे मारतो: बार्शीकर, अक्कलकोटकर आणि शहराच्या पूर्व भागातला तिसरा. त्याच्या घरी चादरी-टॉवेलचे माग आहेत, म्हणून त्याला मागवाला म्हणू. यांपैकी बार्शीकर ही मुलगी.

ऑगस्टमध्ये तिघं आले ते मोबाइलवरचा एक व्हिडिओ घेऊन. चार भिंगं एका ओळीत ठेवलेली, मध्ये हात धरला की हाताचा भाग दिसेनासा होतो आणि मागची चौकटींची जाळी मात्र जशीच्या तशी दिसते. शहरातल्या एका दुकानात हा ‘अदृश्य होण्याचा प्रकल्प’ तयार मिळत होता, छापील अहवालासकट. अहवालाच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत ‘मेटामटेरियल’ असं लिहिलेलं होतं.

ते साफ चुकीचं होतं. चार भिंगांची ती मांडणी २०१४ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात जॉन हॉवेल आणि जोसेफ चोई यांनी दाखवली. तिच्यात साधी काचेची भिंगं आहेत. ती प्रकाशाला मधल्या भागात चिंचोळं करतात. त्या चिंचोळ्या वाटेच्या आजूबाजूला धरलेली वस्तू प्रकाशाच्या आड येतच नाही. प्रयोग सुंदर आहे, पण त्यात मेटामटेरियल कुठेच नाही.

मग मेटामटेरियल म्हणजे काय, हे समजावताना मी मागवाल्याला विचारलं, ‘तुमच्याकडे टॉवेलचं सूत वेगळं असतं का रे?’

‘नाही सर, सूत कापसाचंच. टॉवेलला दुसरा बीम ढिला सोडतात, म्हणून लूप उठतात. पाणी लूप पितं.’

मला हेच हवं होतं. सूत तेच, पण ताणा, म्हणजे मागावरचे लांबीचे धागे, कसा लावला यावर कापडाचा गुण बदलतो. मेटामटेरियलमध्ये तांबं तेच, फायबरग्लासची पाटी तीच. त्या तांब्याच्या बारीक बारीक आकृत्या ठरावीक अंतरावर मांडल्या की लहरींना तो सगळा मिळून एक नवाच पदार्थ वाटतो, निसर्गात सापडत नाहीत असे गुण असलेला. अट एकच: आकृती लहरीच्या लांबीपेक्षा बरीच लहान हवी, म्हणजे लहरीला सुटी आकृती जाणवत नाही, एकसंध पदार्थ जाणवतो.

धाग्यांच्या गावात ही गोष्ट सांगताना जगदीशचंद्र बोसांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. १८९८ साली त्यांनी तागाचे पिळलेले जुडगे विद्युतचुंबकीय लहरींच्या वाटेत ठेवले आणि लहरींच्या कंपनाचं प्रतल फिरतं हे दाखवलं. पीळ उजवा की डावा यावर ते कोणत्या बाजूला फिरणार हे ठरत होतं. ताग तोच होता, फरक केला तो पिळाने. मेटामटेरियल हा शब्द तेव्हा कुणी ऐकलेला नव्हता, पण कल्पनेचं मूळ तिथे आहे असं मला ठामपणे वाटतं.

पुढचा धागा रशियातला. व्हिक्टर वेसेलागो यांनी एक प्रश्न मांडला: पदार्थाची विद्युत पारगम्यता आणि चुंबकीय पार्यता (विद्युत आणि चुंबकीय क्षेत्राला पदार्थ कसा प्रतिसाद देतो ते सांगणारे दोन आकडे) दोन्ही एकाच वेळी ऋण असतील तर काय होईल? उत्तर असं की अपवर्तनांकही (पदार्थ किरणाला किती वळवतो तो आकडा) ऋण होईल, म्हणजे किरण पदार्थात शिरताना लंबाच्या ज्या बाजूला वळायला हवा त्याच्या उलट बाजूला वळेल. ज्या लेखात त्यांनी हे मांडलं, त्याचं इंग्रजी भाषांतर १९६८ सालचं. असा पदार्थ हातात नव्हता, म्हणून तीस वर्षं हे कागदावरच राहिलं. १९९९ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे जॉन पेंड्री आणि त्यांचे सहकारी यांनी चीर असलेल्या धातूच्या कड्या सुचवल्या: चुंबकीय गुण नसलेल्या तांब्यातून चुंबकीय प्रतिसाद काढायची युक्ती. २००१ साली सॅन दिएगोमध्ये शेल्बी, स्मिथ आणि शुल्ट्झ यांनी अशा कड्या आणि तारा जोडून एक लोलक बनवला आणि १०.५ गिगाहर्ट्झच्या आसपास लहर खरोखर उलटी वळलेली मोजली. २००६ साली ड्यूक विद्यापीठात ८.५ गिगाहर्ट्झच्या लहरी एका तांब्याच्या नळकांड्याभोवतून वळवून पलीकडे पुन्हा जुळवल्या गेल्या, आणि ‘अदृश्य करणारं वस्त्र’ हा शब्द जगभर झाला.

पहिला निर्णय: किती मोठा प्रश्न घ्यायचा

मुलांना वस्त्र हवं होतं. त्यांचा उत्साह खरा होता, आणि तो मोडायचा नाही हे मी मनाशी ठरवलं होतं.

पण हिशोब करून बघितला. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर. तिच्यासाठी आकृत्या पन्नासेक नॅनोमीटरच्या लागतील. शिवाय त्या वारंवारतेला धातू बरीच ऊर्जा गिळतो. हे सोलापुरातच काय, बहुतेक ठिकाणी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत शक्य नाही. १० गिगाहर्ट्झला मात्र लहर ३ सेंटिमीटरची. तिच्यासाठी ३ मिलिमीटरची कडी चालते, आणि ३ मिलिमीटरची कडी तांबं विरघळवणाऱ्या फेरिक क्लोराइडच्या ताटात कोरता येते.

आमच्याकडे कोपऱ्यात कापड पांघरून ठेवलेला एक्स बँडचा, म्हणजे १० गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींचा, बेंच होता: लहर तयार करणारा गन ऑसिलेटर, आयसोलेटर, अटेन्युएटर, फ्रिक्वेन्सी मीटर, लहरीचा जोर मोजणारा डिटेक्टर आणि आयताकृती वेव्हगाइडचे, म्हणजे लहर ज्यातून जाते त्या धातूच्या पोकळ नळीचे, तुकडे. वर्षाकाठी दोन प्रयोगांपुरता तो उघडला जायचा.

म्हणून मी त्यांना सांगितलं, काहीही अदृश्य करायचं नाही. एक चिरलेली कडी वेव्हगाइडमध्ये ठेवायची आणि ती ठरावीक वारंवारतेला लहर अडवते का, एवढंच मोजायचं. अक्कलकोटकरचा चेहरा पडला. ‘एवढंच?’ असं तो म्हणाला नाही, पण ते दिसलं. हा निर्णय आजही मला बरोबर वाटतो, मात्र तो मी सुनावला. त्यांच्याकडूनच हिशोब करून घेतला असता तर तो त्यांचा झाला असता. तो आपला वाटायला त्यांना जानेवारी उजाडावी लागली.

अडचण

पहिली कडी सप्टेंबरअखेर तयार झाली. तत्त्व सोपं आहे. चिरलेली कडी म्हणजे वाकवलेली तार. तिच्यातून प्रवाह फिरतो आणि चिरेच्या दोन टोकांवर प्रभार साठतो. तारेची लांबी लहरीच्या साधारण निम्मी झाली की कडी अनुनादात येते, म्हणजे तिच्यातला प्रवाह सगळ्यात जोरात डोलतो. १० गिगाहर्ट्झला लहर ३० मिलिमीटर, तिच्या निम्मे १५. मुलांनी १५ मिलिमीटर लांबीची तार होईल अशी चौकोनी कडी आखली, लेझर प्रिंटरवर छापली, टोनर इस्त्रीने तांब्याच्या पाटीवर उतरवला आणि पाटी फेरिक क्लोराइडमध्ये कोरली. पाटीची पट्टी कापून वेव्हगाइडमध्ये बसवली.

दिवाळीच्या सुट्टीआधी दोन दिवस संध्याकाळी मला फोन आला. ‘सर, डिप मिळाला! ९.९ला!’ मी गेलो. डिटेक्टरचं वाचन त्या वारंवारतेला खरंच खाली पडत होतं. तिघांनी शेंगाच्या पोळ्या आणल्या होत्या. मीही खूश झालो.

घरी जाताना मनात आलं की कोरी पट्टी घालून कुणी बघितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तांबं पूर्ण उतरवलेली, तेवढ्याच मापाची कोरी पट्टी घातली. डिप तिथेच, ९.९ला. पट्टी काढून टाकली तरी डिप तिथेच.

कारण सापडायला पाच मिनिटं लागली. फ्रिक्वेन्सी मीटर म्हणजे स्वतःच एक अनुनादी डबी. वारंवारता मोजताना तो त्या वारंवारतेला थोडी ऊर्जा खातो आणि वाचन खाली पडतं. त्यावरूनच तर आपण वारंवारता वाचतो. मोजून झालं की त्याची चकती बाजूला फिरवायची असते. ती फिरवलेली नव्हती. कडीचा काही संबंधच नव्हता.

दिवाळीनंतर चकती फिरवून सगळी वाचनं पुन्हा घेतली. ८.८पासून ११पर्यंत कुठेच काही नाही. कोरी पट्टी आणि कडीची पट्टी यांच्या रेघा एकमेकींवर बसत होत्या. तीन आठवडे हेच चाललं. कडी पुन्हा कोरली, चीर लहान केली, मोठी केली, एका पट्टीवर चार कड्या घातल्या. काही नाही. प्रयोगशाळेतले मामा रोज संध्याकाळी कुलूप लावायला यायचे आणि विचारायचे, ‘अजून काय शोधूलालाव?’ मुलं उत्तर द्यायची टाळू लागली होती.

समोर असलेले पर्याय

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघं बसलो. चार वाटा होत्या.

विषय संगणकावरच्या सिम्युलेशनपुरता ठेवायचा, ही एक. वेळ वाचला असता, अहवाल देखणा झाला असता. बऱ्याच ठिकाणी असंच करतात आणि त्यात गैर काही नाही. पण सिम्युलेशनमध्ये कडी कशी ठेवायची हे आपणच सांगतो. आमचं चुकत काय होतं हे कळलंच नसतं.

दुसरी वाट, पुण्याहून व्यावसायिक पाटी करून आणायची. मुलांचा कल इकडे होता, कारण आपल्या हातच्या कोरण्यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. इथे मागवाल्याने एक काम केलं. वडिलांचं धागे मोजायचं भिंग, पिक ग्लास, तो घेऊन आला. कापडाच्या इंचात किती धागे बसले ते मोजायचं घडीचं भिंग. ते कडीवर ठेवून त्याने एकेक चीर बघितली. काही कड्यांच्या कडा दातेरी होत्या, एका चिरेत तांब्याचा केसाएवढा पूल राहिला होता. पण बाकीच्या ठीक होत्या. ‘सर, माल एवढा वाईट नाही. एवढ्याने पूर्ण डिप जाणार नाही, फार तर सरकेल.’ त्याचं बरोबर होतं. कोरणी खराब असती तर उत्तर अस्पष्ट आलं असतं. इथे उत्तरच नव्हतं.

तिसरी वाट विषय बदलायची. मार्चमध्ये परीक्षा होती, त्यामुळे ही वाट कुणी मोठ्याने बोललं नाही तरी प्रत्येकाच्या मनात होती.

चौथी, काहीही नवं न करता आठवडाभर थांबायचं आणि कडीपाशी नेमकी कोणती लहर पोचते ते कागदावर काढायचं. मी ही निवडली. सात दिवस बेंच सुरू करायचा नाही, असं सांगितलं. या एका निर्णयावर प्रकल्प वाचला, म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो.

काडीपेटी

वेव्हगाइडची आतली पोकळी २२.८६ मिलिमीटर रुंद आणि १०.१६ मिलिमीटर उंच असते. लहर तिच्यातून लांबीच्या दिशेने जाते. विद्युत क्षेत्र खालच्या भिंतीपासून वरच्या भिंतीकडे, उभं. चुंबकीय क्षेत्र आडवं, आणि त्याच्या रेषा रुंद भिंतीला समांतर अशी बंद वळणं घेतात. हे पुस्तकात असतं, परीक्षेत लिहून मुलं गुण मिळवतात.

चौथ्या दिवशी बार्शीकर वर्गाबाहेर थांबली होती. तिच्या हातात काडीपेटी होती. आतला खण काढून टाकलेला, नुसती बाहेरची नळी. ‘सर, हा आपला वेव्हगाइड.’ नळीच्या वरच्या रुंद बाजूवर तिने निळ्या पेनाने चुंबकीय रेषांची वळणं काढली होती. मग कागदावर काढलेली कडी कापून तिने नळीत बसवली, आम्ही बसवत होतो तशी: लहरीकडे तोंड करून, दारासारखी आडवी.

‘इथे रेषा कडीच्या अंगावरून जाते सर. आतून जातच नाही.’

मग तिने कागद फिरवला. नळीच्या मधोमध, लांबीच्या दिशेने, उभ्या पडद्यासारखा. आता आडवी चुंबकीय रेषा कडीच्या भोकातून आरपार जात होती.

कडीत प्रवाह फिरवायचा तर तिच्या भोकातून बदलतं चुंबकीय क्षेत्र जायला हवं. हे फॅरेडेचं, बारावीतलं. आमच्या मांडणीत ते जात नव्हतं. आणखी एक वाट उघडी राहू शकली असती: कडी दारासारखी ठेवली तरी चीर बाजूच्या उभ्या भुजेत असती, तर उभ्या विद्युत क्षेत्राने कडी थोडीफार चेतवली असती. आम्ही चीर वरच्या आडव्या भुजेत ठेवली होती, चित्रात तशी शोभते म्हणून. म्हणजे कडीला लहर पोचायच्या दोन्ही वाटा आम्हीच बंद केल्या होत्या.

तीन आठवडे मी रोज प्रयोगशाळेत जात होतो, वाचनं तपासत होतो. एकदाही वेव्हगाइडचे स्क्रू काढून आत कडी कशी बसवली आहे हे बघितलं नाही. मार्गदर्शक म्हणून ही माझी चूक आहे, मुलांची नाही.

दुसरी चूक, पहिलीच्या आड

त्याच दुपारी पट्टी फिरवली आणि मोजलं. काही नाही.

प्रकल्पातला सगळ्यात अवघड क्षण हाच होता. अक्कलकोटकर म्हणाला, ‘म्हणजे काडीपेटीचं पण चुकलं.’ पट्टी परत जुन्या मांडणीत लावावी असा त्याचा आग्रह होता. बार्शीकर गप्प होती. मी पट्टी तशीच ठेवायला सांगितली, कारण तिचा तर्क मी पायरी पायरीने तपासला होता आणि तो खरा होता. प्रयोगात काही दिसलं नाही म्हणून खरा तर्क खोटा ठरत नाही. आणखी काहीतरी चुकत असणार एवढाच त्याचा अर्थ.

ते मागवाल्याने शोधलं. कडीची १५ मिलिमीटर लांबी काढताना आम्ही लहर हवेत आहे असं धरलं होतं. कडी तर फायबरग्लासच्या पाटीवर चिकटलेली आहे. त्या पाटीचा पराविद्युत स्थिरांक (पदार्थात लहर किती आखूड होते ते ज्यावरून ठरतं तो आकडा) साधारण ४.४. लहर अर्धी पाटीत, अर्धी हवेत, म्हणून ढोबळ सरासरी २.७, आणि त्याचं वर्गमूळ १.६४. कडीवरची लहर तेवढ्या पटीने आखूड होते. म्हणजे आमची १५ मिलिमीटरची कडी १० गिगाहर्ट्झला नाही, ६.१च्या आसपास वाजत असणार.

आणि ६.१ आम्हाला कधीच दिसलं नसतं. एक तर ऑसिलेटर तिथपर्यंत उतरत नाही. दुसरं म्हणजे या मापाच्या वेव्हगाइडमधून ६.५६ गिगाहर्ट्झच्या खालची लहर पुढे जातच नाही.

दोन चुका एकमेकींच्या आड उभ्या होत्या. एकट्या मांडणीची दुरुस्ती केली तरी शून्य, एकट्या लांबीची केली असती तरी शून्य. आम्ही महिनाभर एका वेळी एकच गोष्ट बदलत होतो, जसं आपण शिकवतो तसं. नेहमीची ती पद्धत इथे आम्हाला उत्तरापर्यंत नेऊच शकत नव्हती. कागदावर बसून दोन्ही बाजूंनी हिशोब केला तेव्हाच सुटका झाली.

काय केलं

जानेवारीत गड्ड्याची यात्रा आटोपली आणि मुलं नव्याने कामाला लागली. नवी कडी: बाहेरून २.८ मिलिमीटरचा चौकोन, तांब्याची रेघ ०.४ मिलिमीटर, चीर ०.५. तारेची लांबी साधारण ९.१ मिलिमीटर. इतकी बारीक रेघ इस्त्रीच्या उष्णतेत पसरते, म्हणून मागवाल्याने ओळखीच्या चादर-डिझायनरकडे जाऊन आकृती ग्राफवर काढून घेतली. तिथे एकेक चौकट भरायची सवय असते. मग मागवाल्याने वीस कड्या छापल्या आणि पिक ग्लासखाली बघून त्यातल्या सहा निवडल्या.

मोजणीची शिस्त लिहून भिंतीवर लावली. ऑसिलेटर सुरू करून अर्धा तास तापू द्यायचा. प्रत्येक वारंवारतेला आधी रिकामा वेव्हगाइड, मग कोरी पट्टी, मग कडीची पट्टी. दर वाचनाआधी फ्रिक्वेन्सी मीटरची चकती बाजूला फिरवली का, हे दुसऱ्याने मोठ्याने म्हणायचं.

डिप ९.६ला आला. कोऱ्या पट्टीच्या तुलनेत वाचन तिथे स्पष्ट खाली जात होतं आणि दोन्ही बाजूंना परत वर येत होतं. मुलं या वेळी हुरळली नाहीत. अक्कलकोटकरच म्हणाला, ‘हा कडीचाच आहे हे कशावरून?’ ऑगस्टमध्ये ज्याचा चेहरा पडला होता त्याने हा प्रश्न विचारला, याचं मला मनापासून समाधान वाटलं.

त्याचं उत्तरही त्यानेच सुचवलं. डिप चिरेमुळे असेल तर चीर बुजवली की तो जायला हवा. नवी पट्टी करायची नाही, हीच घ्यायची, म्हणजे बाकी काहीच बदलणार नाही. सोल्डरिंगच्या बारीक टोकाच्या इस्त्रीने त्याने चिरेवर सोल्डरचा टिपूस सोडला. भिंगाखाली बघितलं तर चिरेच्या जागी मोहरीपेक्षा लहान, चकचकीत फुगवटा. पट्टी परत बसवली, स्क्रू आवळले, ९.६ लावलं. वाचन कोऱ्या पट्टीइतकंच. डिप गेला होता.

शेवटचा निर्णय: काय म्हणायचं

फेब्रुवारीत पोस्टर करताना ‘सोलापुरात ऋण अपवर्तन’ असं शीर्षक पुढे आलं. मी थांबवलं, आणि या वेळी कारणं मुलांकडूनच काढून घेतली. चिरलेल्या कड्यांच्या मांडणीत अनुनादाच्या थोडं वर चुंबकीय पार्यता ऋण होऊ शकते. पण अपवर्तनांक ऋण होऊन लहर पुढे जायची तर विद्युत पारगम्यताही ऋण हवी, आणि त्यासाठी तारा लागतात. आमच्याकडे तारा नव्हत्या. आमच्याकडे तर एकच कडी होती, आणि एका कडीला पदार्थ म्हणता येत नाही. शिवाय वळण मोजायला लोलक लागतो. २००१च्या प्रयोगात त्यांनी शेजारी टेफ्लॉनचा साधा लोलक ठेवून तोही मोजला होता, म्हणजे नेहमीचं वळण आणि उलटं वळण समोरासमोर दिसावं. आमच्या कोऱ्या पट्टीचं काम तेच, हे बार्शीकरच्या लगेच लक्षात आलं.

पोस्टरचं शीर्षक झालं: ‘चिरलेल्या तांब्याच्या कडीचा एक्स बँडमधील अनुनाद’.

एका स्थानिक वार्ताहराला कुणीतरी कळवलं होतं. त्यांना ‘अदृश्य करणारा पडदा’ अशी बातमी हवी होती. महाविद्यालयातल्या वरिष्ठांनाही ती हवी होती, आणि त्यांची भावना मी समजू शकतो, छोट्या शहरातल्या महाविद्यालयाला असं कौतुक रोज मिळत नाही. मी चार ओळींत खरं काय ते लिहून दिलं. बातमी आली नाही. बार्शीकरच्या घरी नातेवाइकांना आधीच सांगून झालं होतं, तिला वाईट वाटलं. मलाही तिच्यासाठी वाईट वाटलं, पण त्या चार ओळी मी आजही तशाच लिहीन.

निष्पत्ती

प्रकल्प स्पर्धेत काही मिळालं नाही. परीक्षकांनी विचारलं, ‘यातून अदृश्य काय होतं?’ मुलांनी सांगितलं, ‘काही नाही,’ आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक वेगळे निघाले. त्यांनी अहवाल बाजूला ठेवला आणि बेंच सुरू करायला सांगितला. उन्हाळा चढला होता, पंखा जोरात फिरत होता. चीर बुजवलेली पट्टी आत होती, डिप नव्हता. ते म्हणाले, ‘टाका काढता येईल?’ अक्कलकोटकरने तांब्याची जाळी लावून सोल्डर शोषून घेतलं. बार्शीकरने पट्टी मधोमध, उभी, चीर बाजूच्या भुजेत येईल अशी बसवली. मागवाल्याने चकती फिरवून तसं मोठ्याने म्हटलं.

डिप परत आला. ९.६ला नाही, किंचित खाली. चिरेच्या कडांना थोडं सोल्डर चिकटून राहिलं होतं. चीर अरुंद झाली, तिची धारिता (प्रभार साठवायची क्षमता) वाढली, वारंवारता उतरली. हे परीक्षकांनी विचारायच्या आधी मागवाल्याने सांगितलं.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या दिवशीच वेव्हगाइड उघडून कडीची मांडणी मी स्वतः बघेन, आणि क्षेत्ररेषांचं चित्र काढून घेतल्याशिवाय पाटी कोरू देणार नाही. काडीपेटी आता आमच्या प्रयोगशाळेत बेंचच्या शेजारीच ठेवलेली असते.

वारंवारतेचा अंदाज दोन वेगळ्या वाटांनी काढायला लावेन: एक हाताने, एक सिम्युलेशनने. डिसेंबरमध्ये मी सिम्युलेशन नाकारलं ते मोजणीला पर्याय म्हणून. जोडीला घेतलं असतं तर ६.१चा आकडा सप्टेंबरमध्येच समोर आला असता. तिथे माझा हट्ट थोडा आडवा आला.

कोऱ्या पट्टीचं मोजमाप कडीच्या आधी घेऊ. म्हणजे दिवाळीआधीच्या त्या संध्याकाळसारखा आनंद करून दुसऱ्या दिवशी तो परत घ्यावा लागणार नाही.

चार कड्यांची पट्टी आम्ही नव्या मापाने कधी केलीच नाही, वेळ उरला नाही. हाताने कोरलेल्या कड्या एकमेकींपासून किंचित वेगळ्या असतात, त्यामुळे प्रत्येकीचा डिप थोडा इकडेतिकडे पडेल आणि सगळ्यांचा मिळून एक रुंद खळगा होईल, असा माझा अंदाज आहे. यंदाच्या दोन मुलींनी तेच मोजायला घेतलं आहे. पिक ग्लास मागवाल्याने वडिलांना विचारून प्रयोगशाळेतच ठेवलं आहे.